सिंक न करता जुन्या लॅपटॉपवरचे बुकमार्क नव्या लॅपटॉपवर कसे न्यायचे?

तुम्ही लिहिलंय की जुना लॅपटॉप अजून चालतोय, क्रोममध्ये कित्येक वर्षांचे बुकमार्क फोल्डर करून नीट लावलेले आहेत, आणि खातं ऑफिसचं असल्यामुळे सिंक, म्हणजे खात्यामार्फत सगळ्या मशीनवर बुकमार्क आपोआप सारखे ठेवणं, चालू करायचं नाही. खात्याशिवाय, एका फाइलवर सगळं काम होतं. फोल्डरही जसेच्या तसे येतात.

जुन्या लॅपटॉपवर क्रोम उघडा आणि कंट्रोल, शिफ्ट, ओ एकत्र दाबा. बुकमार्क मॅनेजर उघडेल. त्या पानावर उजवीकडे तीन ठिपके दिसतील. खिडकीच्या अगदी कोपऱ्यात असतात ते नव्हेत, त्यांच्या खालचे, पानाच्या आतले. बरेच जण इथेच अडकतात. त्यात 'एक्सपोर्ट बुकमार्क्स' निवडलं की एक एचटीएमएल फाइल तयार होते. ती पेन ड्राइव्हवर घ्या. ऑफिसच्या मेलवरून पाठवू नका, कारण तुमच्या प्रत्येक साइटचा पत्ता त्या फाइलमध्ये उघड लिहिलेला असतो.

फाइल घेतल्यावर लगेच तिच्यावर डबल क्लिक करा. ब्राउझरमध्ये लिंकांची एक साधी लांबलचक यादी उघडेल. शेवटपर्यंत खाली जा आणि तुमचा सर्वात खालचा फोल्डर त्यात आहे का, हे डोळ्यांनी बघा. हीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्याच ओळीत 'नेटस्केप बुकमार्क फाइल' असे शब्द दिसतात. नेटस्केप हा 1994 साली आलेला ब्राउझर कधीच बंद पडला, पण त्याची ही मांडणी क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी असे सगळे आजही वाचतात. प्रत्येक लिंकपुढे दहा आकडी संख्या असते. तो बुकमार्क तुम्ही केव्हा जोडलात त्याची ती वेळ, 1 जानेवारी 1970 पासूनच्या सेकंदांत. म्हणून लिंका एकेक करून वर्डमध्ये चिकटवण्यापेक्षा ही फाइल कितीतरी चांगली. फोल्डर, नावं, तारखा सगळं एकत्र राहतं.

नव्या लॅपटॉपवर क्रोमच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत 'बुकमार्क्स अँड लिस्ट्स', त्यात 'इम्पोर्ट बुकमार्क्स अँड सेटिंग्ज'. तिथल्या यादीतून 'बुकमार्क्स एचटीएमएल फाइल' निवडून पेन ड्राइव्हवरची फाइल दाखवा. हे काम नव्या क्रोममध्ये एकही बुकमार्क करायच्या आधी उरका. बुकमार्क बार रिकामा असेल तर जुन्या बारवरचं सगळं थेट त्याच्या जागी बसतं. तिथे आधीच काही असेल तर आलेला माल 'इम्पोर्टेड' नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जातो आणि मग ओढून ओढून बाहेर काढावा लागतो. इम्पोर्ट एकदाच करा. दुसऱ्यांदा केलंत तर सगळं दुप्पट होईल.

फायरफॉक्स वापरायचा विचार असेल तरी हीच फाइल चालते. तिथेही कंट्रोल, शिफ्ट, ओ दाबून 'इम्पोर्ट अँड बॅकअप'मध्ये जा. फक्त 'रिस्टोर'वर बोट ठेवू नका. रिस्टोर म्हणजे आत्ता आहेत ते बुकमार्क पुसून त्या जागी बॅकअपमधले आणणं. तुम्हाला हवंय ते 'इम्पोर्ट बुकमार्क्स फ्रॉम एचटीएमएल'.

सिंकबद्दल माझं मत ठाम आहे: सोय म्हणून ते उत्तम, पण त्याला बॅकअप समजू नये. एका लॅपटॉपवर फोल्डर उडाला की थोड्या वेळात तो सगळीकडून उडतो, कारण सिंकचं कामच ते आहे. पेन ड्राइव्हवरच्या फाइलला कुणी हात लावत नाही. पुढे स्वतःच्या खात्यावर सिंक चालू केलंत तरी अधूनमधून अशी फाइल काढत जा.

हे वाचणाऱ्या कुणाचा जुना लॅपटॉप चालूच होत नसेल, पण डिस्क शाबूत असेल, तरीही बुकमार्क मिळतात. डिस्क काढून बाहेरून जोडायच्या डबीत (डिस्क केस) घाला आणि यूएसबीने नव्या मशीनला जोडा. ती बिटलॉकरने (विंडोजची डिस्क कुलूपबंद करायची सोय) कुलूपबंद असेल तर रिकव्हरी की लागेल. विंडोज असेल तर त्या जुन्या डिस्कवर आपल्या नावाच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, गूगल, क्रोम, यूजर डेटा, डिफॉल्ट असं आत आत जा. ॲपडेटा लपवलेला असतो, आधी 'हिडन आयटम्स' चालू करा. तिथे 'बुकमार्क्स' नावाची, एक्स्टेन्शन नसलेली फाइल असते. नवं क्रोम पूर्ण बंद करून ती नव्या मशीनवरच्या तशाच फोल्डरमध्ये ठेवायची. तिथली आधीची फाइल दुसरीकडे हलवून ठेवा, पुसू नका.

तुमच्याकडे ऑफिसचं आणि घरचं अशी दोन प्रोफाइलं असतील तर प्रत्येकात जाऊन वेगळी फाइल काढावी लागेल. एक्सपोर्ट फक्त उघड्या प्रोफाइलचा होतो.

पासवर्ड या फाइलमध्ये येत नाहीत. ते क्रोमच्या पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंग्जमधून सीएसव्ही फाइल म्हणून वेगळे काढता येतात, पण त्यात प्रत्येक पासवर्ड साध्या अक्षरांत असतो. नव्या लॅपटॉपवर घेतले की ती फाइल दोन्ही मशीनवरून, पेन ड्राइव्हवरून आणि रिसायकल बिनमधूनही त्याच बैठकीत काढून टाका.