काड मातीत गाडलं आणि पीक पिवळं पडलं, आता परत जाळू का?

या खेपेला चार प्रश्न आलेत. पहिला जरा सविस्तर घेतो कारण तिथं चुकीचा धडा घेतला तर पुढची दहा वर्षं जमीन भोगेल, बाकीचे पटापट उरकू.

प्रश्न असा की दरवर्षी गव्हाचं काड जाळायचो, यंदा रोटाव्हेटर मारून मातीत मिसळलं, आठ-दहा दिवसांत पेरणी केली आणि पीक पिवळं पडलं. जाळणंच बरं होतं का?

नाही भाऊ, काम बरोबर केलंत, फक्त घाई नडली. आधी एक बघा, पिवळेपणा खालच्या जुन्या पानांवर आहे का? तसं असेल तर नत्र (नायट्रोजन) कमी पडलंय. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोहाची कमतरता असू शकते, तो विषय वेगळा.

आता नत्र गेलं कुठं? गव्हाच्या काडात साधारण ८० भाग कर्बाला (कार्बनला) १ भाग नत्र असतं. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना मात्र २४-२५ भाग कर्बामागं १ भाग नत्र लागतं. म्हणजे ताटात भाकरी भरपूर पण कालवण नाही, मग ते कालवण मातीतून उचलतात आणि तुमचं रोप उपाशी राहतं. नत्र वाया गेलेलं नसतं, जिवाणूंच्या अंगात अडकलेलं असतं, ते मेले की हळूहळू परत मोकळं होतं, पण तोवर रोपाचं वाढीचं वय निघून जातं.

उपाय म्हणजे काड गाडतानाच टनामागं ८-१० किलो नत्र द्यायचं, म्हणजे साधारण २० किलो युरिया, आणि तो ओलीत मातीआड करायचा, वर नुसता फेकला तर बराचसा अमोनिया होऊन हवेत जातो. पेरणीआधी तीन-चार आठवडे ओल मिळाली तर उत्तम. वेळच नसेल तर काड गाडूच नका, वर आच्छादन म्हणून राहू द्या, मातीशी संबंध कमी आला की ही ओढाताण पण कमी होते. उभ्या पिकाला आत्ता नत्राचा एक हलका हप्ता द्या आणि जाळायचं डोक्यातून काढा. जाळलं की नत्र धुरात जातं, बरंचसं गंधक पण जातं, पालाश (पोटॅश) राखेत उरतं आणि राख वारा नेतो.

दुसरा प्रश्न, माती तपासणीच्या रिपोर्टमध्ये सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के आलाय, कर्ब वाढवणारी म्हणून विकतात ती एक लिटरची बाटली एकरी सोडली की एका हंगामात वाढतो असं सांगतात, खरं का?

हिशोब करा. एक एकराचा वरचा १५ सेंमी थर साधारण ९०० टन भरतो. कर्ब नुसता ०.१ टक्क्यानं वाढवायचा तरी ९०० किलो कर्ब मातीत *टिकायला* हवा. बाटली पूर्ण कर्बाची असली तरी किलो-सव्वाकिलो होईल. आणि जे काड, शेणखत आपण घालतो त्यातला बराच कर्ब जिवाणू खाऊन हवेत सोडतात, म्हणून हे वर्षानुवर्षांचं काम आहे. शेणखत मात्र कुजलेलंच टाका, कच्चं टाकलं की हुमणीला (मुळं खाणाऱ्या अळीला) घर मिळतं.

तिसरा, जमीन कडक झाली, गांडुळं दिसत नाहीत, खताचा डोस वाढवून पण उत्पन्न तेवढंच. एक वाळलेलं ढेकूळ काचेच्या ग्लासात पाण्यात सोडा. लगेच विरघळून गाळ झाला तर मातीच्या कणांना धरून ठेवणारा डिंक संपलाय, तो मुळं, बुरशी आणि गांडुळं बनवतात, गोणीत मिळत नाही. मग वाफशावर, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी असताना, एक फूट खणून मुळं बघा, वीतभर खाली जाऊन आडवी वळली असतील तर खाली तवा, म्हणजे कडक थर, बसलाय. माझं मत विचाराल तर खतापेक्षा रोटाव्हेटर आधी कमी करा, ओल्या रानात ट्रॅक्टर घालू नका, आणि दोन पिकांच्या मधे ताग किंवा धैंचा असं हिरवळीच्या खताचं पीक घेऊन फुलोऱ्याला गाडा. तो कोवळा असतो, त्यामुळे वरची काडासारखी नत्राची भानगड होत नाही.

चौथा, बांधावर तणनाशक मारू का? सरसकट नको. मावा खाणारे ढालकिडे आणि अळ्यांवरचे परोपजीवी कीटक रान मोकळं असताना तिथंच आसरा घेतात. बी धरायच्या आत कापा, झालं.

आणि मातीचा नमुना कुठून घेतला ते प्लीज लिहीत जा. मागं एकांनी उकिरड्याशेजारची माती तपासून आणली, रिपोर्ट इतका झकास की मीच दोनदा वाचला!