हीटर गार, इंजिन गरम

थंडी पडली की आमच्या सदराला येणारी पत्रं एकदम बदलतात. उन्हाळाभर एसी, एसी आणि एसी, आणि डिसेंबर उजाडला की पहाटे सिंहगडावर निघालेल्या मंडळींना एकदम आठवतं की अरे आपल्या गाडीला हीटर पण आहे. मग तो लावतात, आणि मग मला लिहितात. या वेळी बहुतेक तीच पत्रं घेतोय.

काका, २०१२ ची पेट्रोल हॅचबॅक सेकंड हँड घेतली, मी तिसरा मालक. मागच्या शनिवारी फॅमिली घेऊन महाबळेश्वरला निघालो, वाईपर्यंत काहीच नाही, पसरणी घाटात अर्ध्यावर टेंपरेचरचा काटा चढायला लागला. मेव्हणा म्हणाला हीटर फुल कर, इंजिनची गरमी आत ओढली जाते, तर हीटरमधून चक्क गार हवा! बाटलीत कूलंट मॅक्सच्या रेघेला टेकलेलं. गॅरेजवाला म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या-खालच्या भागांमधलं सील) गेलंय, इंजिन खोलावं लागेल. खोलू का? (वाचक, धनकवडी)

थांबा हो, एवढ्यात खोलू नका. मेव्हण्याचं बरोबर होतं, फक्त त्याच्या युक्तीतून तुम्हाला काय कळलं ते तुमच्या लक्षात आलं नाही. हीटर म्हणजे वेगळं काही मशीन नसतं, डॅशबोर्डच्या मागे एक पिटुकला रेडिएटर बसवलेला असतो, आपले मेकॅनिक त्याला हीटर कॉइल म्हणतात, त्यातून इंजिनचंच गरम पाणी, म्हणजे कूलंट, फिरतं आणि ब्लोअर त्याच्यावर हवा मारतो. आता इंजिन तापलंय आणि हीटर गार, याचा अर्थ गरम पाणी कॉइलपर्यंत पोचतच नाहीये. आणि बहुतेक वेळा ते पोचत नाही कारण पाणीच कमी आहे, वरच्या भागात हवा धरलीय, आणि हवा ढकलणं वॉटर पंपाला जमत नाही.

तुम्ही म्हणाल बाटली फुल आहे की. तिथेच सगळे फसतात! रेडिएटरच्या टोपीत दोन व्हॉल्व्ह असतात, मोठा पाणी तापून फुगलं की जास्तीचं बाटलीत सोडतो, आणि खाली मधोमध जो बटणाएवढा छोटा असतो तो गाडी गार झाली की तेच पाणी परत आत ओढू देतो. त्या छोट्याचं रबर गेलं किंवा बाटलीकडे जाणाऱ्या बारक्या पाइपाला चीर पडली की आत पाण्याऐवजी हवा ओढली जाते, रेडिएटर दर फेरीला थोडा थोडा रिकामा होतो आणि बाटली मात्र महिनोन्महिने मॅक्सला. बाटलीतली पातळी कधी हलतच नाही असं दिसलं तर खूश होऊ नका, ती गाडी गार-गरम होताना थोडी वरखाली व्हायलाच पाहिजे.

तर सकाळी, रात्रभर उभी असलेल्या गार गाडीची टोपी उघडा. गार म्हणजे गार, तासाभरापूर्वी बंद केलेली चालणार नाही. माझ्या डाव्या मनगटावर अजून डाग आहे, विशीतला, फडकं धरून उघडली होती आणि मला वाटलं होतं फडकं पुरेल. टोपी आतलं पाणी साधारण १ बारच्या दाबाखाली धरून ठेवते म्हणून ते १०० च्या वर जाऊनही उकळत नाही, आणि तुम्ही ती फिरवली की दाब जातो आणि सगळं एका क्षणात उसळून अंगावर येतं. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास उंच, तिथे उघड्या पातेल्यात पाणी ९६ लाच उकळतं, म्हणजे सैल टोपी घेऊन घाट चढणं किती वाईट ते बघा.

आत पाणी दिसलं नाही तर गाडीचं तोंड चढाला करून उभी करा, हीटरचा नॉब पूर्ण लालवर, इंजिन आयडलला, टोपी उघडी, आणि हळूहळू कूलंट ओतत राहा, मधेमधे रेडिएटरचा वरचा जाड होज (रबरी पाइप) फडक्याने दाबा, बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, परत ओता. रेडिएटरचा फॅन दोनदा लागून बंद झाला, बुडबुडे थांबले आणि हीटर भाजायला लागला की हवा निघाली समजा. टोपी नवीन टाका, तुमच्या मॉडेलचीच, दाबाचा आकडा तिच्यावर छापलेला असतो. नाना पेठेत मिळेल, इंजिन खोलण्यापुढे तो खर्च म्हणजे काहीच नाही. आणि पाणी बाहेर कुठे झिरपतंय का तेही बघा, होजच्या क्लिपा, वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक, तिथे पांढरा-हिरवट थर वाळलेला असतो.

आता गॅरेजवाल्याची बाजू. तो चूकच असेल असं नाही. बुडबुडे थांबतच नाहीत, गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरातच होज दगडासारखा कडक होतो, बाहेर गळती नाही तरी पाणी संपतंय, सायलेन्सरमधून इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येतोच आहे, असं असेल तर हेड गॅस्केट. पण तेव्हाही आधी ब्लॉक टेस्ट करायला सांगा, रेडिएटरच्या तोंडावर निळ्या पाण्याची नळी धरतात, इंजिनातला गॅस पाण्यात येत असेल तर ते पिवळं पडतं. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. ते न करता जो डायरेक्ट पाना हातात घेतो त्याला नमस्कार करा आणि निघा.

हिंजवडीला जाताना वाकडच्या पुलाखाली गाडी तापते, पुढे रस्ता मोकळा झाला की आपोआप काटा खाली. रेडिएटर बदलायला सांगतायत. (वाचक, औंध)

फॅन बघा आधी. गाडी पळत असताना वारं जाळीतून आपसूक जातं, उभी राहिली की सगळी भिस्त फॅनवर. बॉनेट उघडून एसी लावा, बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन लागतोच. तेव्हा फिरला आणि नुसतं तापून फिरत नसेल तर मोटर ठीक आहे, सेन्सर किंवा त्याची वायर बघायची. एसीवरही नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर. याच्या उलट, म्हणजे सिग्नलला ठीक आणि हायवेला शंभरच्या स्पीडला तापते, असं असतं तर मीही रेडिएटरच म्हटलं असतं. जुने पितळेचे रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करता यायचं, आताच्या ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकवाल्यात ते होत नाही, तुंबला की नवाच.

माझी गाडी कधीच तापत नाही, काटा कायम खालीच असतो, हायवेला तर जवळजवळ तळाला. पण हीटर कोमट आणि ॲव्हरेज पण कमी देते. तापत नाही म्हणजे चांगलंच ना? (वाचक, सिंहगड रोड)

नाही ना! तुमच्या गाडीत थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप, नाहीये, किंवा असून उघडा अडकलाय. माझा अंदाज पहिला, कारण आपल्याकडे गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा ही फार जुनी खोड आहे, आणि विकायच्या गाडीत तर हमखास, काटा वर जायचा थांबतो आणि गिऱ्हाईक खूश. थर्मोस्टॅटचं काम इंजिन गार ठेवणं नाही, लवकर गरम करून ८०-९० च्या घरात ठेवणं हे आहे. तो नसला की कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ऑइल नीट तापत नाही, आणि हीटरला काय मिळणार, कोमट पाणी. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट काढल्यावर पाणी रेडिएटरला वळसा घालून जातं आणि गाडी उलट जास्त तापते.

नवीन आणलात की बसवायच्या आधी घरी बघा, मजा येते. जुन्या पातेल्यात पाणी, थर्मोस्टॅट दोऱ्याने लटकता ठेवायचा, बुडाला टेकू द्यायचा नाही, आणि शेजारी थर्मामीटर. अंगावर ८२ किंवा ८८ असं काही लिहिलेलं असतं, त्याच्या आसपास झडप कळीसारखी हळू उघडायला लागते. बसवताना त्यावरची छोटी हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवायला सांगा, हवा तिथून निघते. आणि हे सगळं झाल्यावर गाडी तापायला लागली तर आनंद माना, कारण मागच्या मालकाने जे झाकलं होतं ते आता दिसेल.

हीटर लावला की काचेवर आतून चिकट धुकं येतं, पुसलं तरी ओशट राहतं, आणि गोडसर वास. डाव्या सीटपुढचं कार्पेट ओलं. मेकॅनिक म्हणतो एसीचं पाणी आहे. (वाचक, कोथरूड)

ताई, एसीचं पाणी कार्पेटवर येतं हे खरं, ड्रेनचा पाइप तुंबला की येतं, पण ते साधं पाणी असतं, ना रंग ना वास. पांढरा टिश्यू कार्पेटवर दाबून बघा, रंग उतरला आणि बोटाला बुळबुळीत लागलं तर हीटर कॉइल गळतेय. ती बदलायला पुष्कळ गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो म्हणून लोक काय करतात, इंजिनकडून कॉइलला जाणारे दोन्ही पाइप एकमेकांना जोडून टाकतात. चार दिवसांची सोय म्हणून मला ते मान्य आहे, गाडी चालेल, पण मग काचेवरचं धुकं घालवायला गरम हवाच नाही, आणि पावसाळ्यात ताम्हिणीला गेलात की ती लागतेच. पैसे जमले की कॉइल बदला. रेडिएटरमध्ये गळती बंद करायची पावडर मात्र कोणालाही टाकू देऊ नका, ती गळती बंद करते की नाही माहीत नाही, कॉइलच्या बारीक नळ्या नक्की बंद करते.

कार्पेट धुवून वाळवा आणि पार्किंगमध्ये सांडलेलं लगेच पाण्याने धुऊन काढा. कूलंट चवीला गोड असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि थोडंसंही त्यांच्या जिवावर बेतू शकतं.

बोअरचं पाणी चालेल का? (वाचक, वाघोली)

नाही. तुमच्या गीझरचं एलिमेंट एकदा काढून बघा, त्यावर जो पांढरा थर आहे तोच रेडिएटरमध्ये बसतो. बॅटरीवाल्याकडे डिस्टिल्ड वॉटर मिळतं, ते आणि कूलंट निम्मं निम्मं. तयार मिसळलेला कॅन घेतला असेल तर त्यात काहीच घालायचं नाही, तसाच ओता.