पहिल्यांदा पुराच्या मदतीला निघालेल्यास

येतोयस, फार बरं वाटलं. आधी समुद्राच्या भरतीची वेळ बघ. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्यात भरती. मिठी नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या. एकटा उतरू नकोस. हातात काठी हवीच, गढूळ पाण्याखाली उघडं मॅनहोल दिसत नाही. पाणी जावं म्हणून कुणी झाकण काढत असेल तर त्याला अडव, अगदी भांडून. विजेच्या खांबापासून लांब राहा. पायाला जखम असेल तर पाण्यात जाऊच नकोस, सामान वाटायला बस. तेही तितकंच मोलाचं. पाण्यातून आल्यावर ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात लेप्टोच्या, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, प्रतिबंधक गोळीचं विचार. आणि खिचडी सगळेच आणतात रे, सॅनिटरी पॅड आणि आजीआजोबांच्या बीपीच्या गोळ्या मात्र राहून जातात. घरोघरी विचारून यादी कर.