वाचकांचे प्रश्न : बाहुली एक, चालविणारे तीन

प्रश्न : शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी बाहुलीनाट्य बसवायचे ठरल्यावर जपानच्या बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्याची एक चित्रफीत पाहिली. आपल्याकडील कळसूत्री खेळात सूत्रधार पडद्याआड असतो. येथे मात्र एका बाहुलीमागे तिघे उघड उभे होते आणि त्यांतील एकाचा चेहराही झाकलेला नव्हता. असे का? आणि स्त्री-बाहुलीला पाय का नसतात?
— एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : थोर नाटककार चिकामात्सु मोन्झाएमोन (१६५३–१७२५) यांच्या हयातीत एका बाहुलीला एकच माणूस पुरत असे, तिघांची पद्धत ओसाकात १७३४ साली आली. प्रमुख चालक डावा हात बाहुलीच्या पाठीतून आत घालून तिचे डोके पेलतो व उजव्या हाताने तिचा उजवा हात हलवितो. दुसऱ्याकडे डावा हात आणि तिसऱ्याकडे पाय असतात. आपसांत बोलण्याची सोय नसल्याने प्रमुखाने बाहुलीची मान किंवा खांदा किंचित हलविला, की तेवढ्यावरून बाकीचे दोघे पुढची हालचाल ओळखतात. ही समज येण्यासाठी पायांवर दहा वर्षे आणि डाव्या हातावर दहा वर्षे घालवावीत, असा जुना दंडक आहे. पाय चालविणाऱ्याला वाकून काम करता यावे म्हणून प्रमुख चालक उंच लाकडी खडावा घालतो.

काळा वेष आणि काळी टोपडी म्हणजे 'येथे कोणी नाही', हा तेथील रंगभूमीचा संकेत आहे. उघडा चेहरा हा ज्येष्ठ कलावंताचा मान. पण त्या चेहऱ्यावर भाव उमटू द्यायचा नाही, हे बंधन त्याला पाळावेच लागते. शिवाय आवाज बाहुलीकडून येतच नाही. प्रेक्षकांच्या उजव्या हाताला शामिसेन हे तीनतारी वाद्य वाजविणाऱ्याशेजारी बसलेला तायू, म्हणजे निवेदक-गायक, आख्यान रंगविणाऱ्या कीर्तनकाराप्रमाणे, निवेदन आणि बहुधा सर्व पात्रांचे संवाद एकटाच म्हणतो. त्यामुळे चालकांकडे पाहण्याचे प्रेक्षकाला कारणच उरत नाही, असे आम्हांला वाटते.

स्त्री-बाहुलीच्या पायांचे उत्तर सोपे आहे. तिचा किमोनो पायघोळ असतो. तिसरा चालक त्याचा घोळ चिमटीत धरून चाल दाखवितो आणि ती बसली, की आतून मूठ लावून गुडघ्याचा उंचवटा करतो.

आपल्या मुलांकडून बसविताना प्रथम संवाद बाजूला ठेवावेत आणि तिघांकडून बाहुलीचे नुसते उठणे-बसणे घोटून घ्यावे. डोके धरणाऱ्याने मान उचलल्याखेरीज इतरांनी हलायचे नाही, एवढा एकच नियम पहिल्या आठवड्यात पुरे. चेहरा उघडा ठेवण्याचा हट्ट प्रत्येक जण धरील. तो मात्र मानू नये.