सही करण्याआधी प्रोसिडिंग वाचा : ग्रामसभेविषयी वाचकांचे प्रश्न

आमच्याकडे ग्रामसभेला वीस-पंचवीस माणसं जमतात. सरपंच ‘कोरम नाही, सभा तहकूब’ म्हणतात. नंतर तहकूब सभा कधी होते कळतही नाही आणि सगळे ठराव मंजूर झालेले असतात. हे चालतं का? (एक शिक्षक, सातारा जिल्हा)

चालतं, म्हणूनच तर चालवतात. कोरम म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी : एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला लहान आकडा. गावात ५०० मतदार असतील तर ७५ माणसं हवीत, १४०० असतील तर १०० पुरतात. तहकूब सभेला मात्र ही अट नाही. कामं अडू नयेत म्हणून ठेवलेली ही सोय. तिची पळवाट आपल्या गैरहजेरीने झाली.

उपाय साधा आहे. सभा तहकूब होताना जागेवरून उठू नका. पुढची तारीख, वेळ, ठिकाण तिथेच विचारा आणि प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहायला लावा. तुमचा विषय आधीच लेखी द्या, पोच घ्या. ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ या शेवटच्या ओळीवर विसंबू नका, कारण ती परवानगी तुमच्या हातात नसते. हजेरीची सही करताना वर काय लिहिलंय तेही वाचा. पंचायत विभागातल्या माझ्या नोकरीत मी अशी हजेरी पाहिली आहे की सह्या शंभर, पेन एक आणि अक्षराचं वळणही एकच. ठरावाची नक्कल मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

एक लक्षात असू द्या. ग्रामसभा म्हणजे सरपंचाने भरवलेला कार्यक्रम नव्हे. ७३व्या घटनादुरुस्तीने, १९९३ पासून, ती राज्यघटनेत आहे आणि मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण आपोआप तिचा सदस्य आहे. आपल्या कायद्याप्रमाणे वर्षाला किमान चार सभा घ्याव्याच लागतात. सबळ कारण नसताना त्या टाळल्या तर सरपंचाचं पदही जाऊ शकतं. त्याचा निर्णय जिल्हाधिकारी करतात.

मी मुंबईत नोकरीला. गावी घर आहे, घरपट्टी वेळेवर भरतो, गणपती-शिमग्याला हमखास जातो. तरी ग्रामसभेत ‘तुम्ही बोलू नका’ असं ऐकवतात. (चाकरमानी, रत्नागिरी जिल्हा)

टोचलं असेल, पण कायद्याने ते बरोबर आहेत. घरपट्टीच्या पावतीने सदस्यत्व मिळत नाही, मतदारयादीतल्या नावाने मिळतं. आणि नाव एकाच ठिकाणी ठेवता येतं. ‘मुंबईतही असू दे, गावीही असू दे’ हा सल्ला देणारे मित्र भेटतील. खोटं निवेदन करून नाव नोंदवणं हा गुन्हा आहे. घराच्या नोंदीबद्दल, पाण्याबद्दल तक्रार असेल तर करदाता म्हणून लेखी अर्ज करा, त्याला कोणी अडवू शकत नाही. ठरावावर हात वर करण्याचा हक्क मात्र नाही.

गावातलं देशी दारूचं दुकान बंद करायचं आहे. बायकांनी सह्या दिल्या की होतं ना? (बचतगटातील एक ताई, बीड जिल्हा)

ताई, सह्या ही नुसती पहिली पायरी. गावातल्या महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींच्या सह्यांचा अर्ज द्यावा लागतो. पडताळणी होते, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आणि इथेच गावं फसतात. झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त मतं पुरत नाहीत, गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. ६२० बायका यादीत असतील तर सह्या १५५, पण मतं ३११. जी घरी बसली ती उभ्या बाटलीच्या बाजूनेच मोजली गेली म्हणायचं.

तुमच्या जिल्ह्यात आणखी एक अडचण. दिवाळीच्या सुमारास अर्धं गाव ऊसतोडीला जातं. यादीत नाव, माणूस फडात. तेव्हा अर्ज टोळ्या परतल्यावर, उन्हाळ्यात द्या. मयतांची आणि लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावं त्याआधी यादीतून कमी करून घ्या, नाहीतर तीही तुमच्याविरुद्ध जातात. ग्रामसभेआधी होणारी महिला सभा याच्या तयारीला उत्तम जागा आहे. हातभट्टीसाठी मात्र मतदान वगैरे काही लागत नाही. ती बेकायदाच आहे. पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे तक्रार करा.

थेट निवडून आलेल्या सरपंचाला ग्रामसभा काढू शकते का? (एक युवक, नाशिक जिल्हा)

एकटी नाही. आधी ग्रामपंचायत सदस्यांनी तहसीलदारांकडे अविश्वासाची नोटीस द्यायची, ठराव तीन चतुर्थांश बहुमताने संमत व्हायला हवा, मग ग्रामसभा गुप्त मतदानाने त्यावर शिक्कामोर्तब करणार. निवडून आल्यापासून पहिली दोन वर्षं तर हा ठराव आणताच येत नाही. तुमच्या पत्रात सरपंचांना बसून आठच महिने झाल्याचं लिहिलंय. तोवर हिशेब मागा, लेखी.