पाळीव राजहंसांमधील नर आणि मादी कसे ओळखावेत? जो अंगावर धावून येतो, तोच नर असतो का?

आपले चारही पक्षी पांढरे असून त्यांच्या चोचीच्या मुळाशी नारिंगी गाठ आहे, असे आपण लिहिले आहे. म्हणजे ते चायनीज जातीचे असावेत. या जातीत नर-मादी ओळखणे तुलनेने सोपे असते, मात्र ‘धावून येतो तो नर’ हा आपला निकष मी ग्राह्य धरणार नाही. अंड्यावर बसलेली मादी नराइतकीच आक्रमक होऊ शकते, आणि कळपात एकच नर असेल तर कधीकधी एक मादी दुसरीवर चढताना दिसते. केवळ मादी असलेल्या कळपात तर हे अधिकच दिसते, म्हणून ‘वर चढतो तो नर’ असेही म्हणता येत नाही.

मी स्वतः आधी आवाज ऐकतो. पूर्ण वाढलेल्या नराचा आवाज बारीक व कर्कश असतो, तर मादीचा अधिक खालच्या पट्टीतला आणि जाडसर असतो. चौघांना एकमेकांपासून थोडा वेळ वेगळे केले की ते एकमेकांना साद घालू लागतात आणि हा फरक स्पष्ट होतो. नराची गाठ मोठी, मान लांब आणि शरीर थोराड असते, पण ही तुलना एकाच वयाच्या पक्ष्यांतच करावी.

खात्री हवी असेल तर शेपटीखालील अवस्कर, म्हणजे विष्ठा व अंडी बाहेर पडण्याचे छिद्र, तपासावा लागतो. बहुतेक पक्ष्यांमध्ये नराला बाह्य जननेंद्रिय नसते; बदके व हंस त्याला अपवाद आहेत. पक्ष्याला उताणे धरून अवस्कराच्या कडा हलक्या हाताने दाबल्या असता प्रौढ नराचे पीळ असलेले इंद्रिय बाहेर येते. ते दिसले तर तो नर, हे निश्चित. न दिसल्यास मात्र मादी असा निष्कर्ष लगेच काढू नये, कारण कोवळ्या नरात ते लहान असते आणि अंग आखडून घेतलेला पक्षी ते बाहेर येऊ देत नाही. जोर लावल्यास इजा होते, म्हणून पहिल्यांदा पशुवैद्यकाकडूनच शिकून घ्यावे. पिसाच्या मुळावरून होणारी डीएनए चाचणी हा सुरक्षित, पण खर्चिक पर्याय आहे.

वागणुकीतून लिंगापेक्षा नाती अधिक नेमकी कळतात. परक्याला हुसकावून लावल्यावर नर मान पुढे ताणून, मोठ्याने ओरडत आपल्या जोडीदाराकडे परततो आणि तीही त्याच्या सुरात सूर मिसळते. हा विजयसोहळा ग्रेलॅग या रानटी हंसांमध्ये बारकाईने अभ्यासणारे प्राणिवर्तनाचे शास्त्रज्ञ कोनराड लोरेंत्स यांना पुढे 1973 मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पायांत वेगवेगळ्या रंगांची कडी घालून कोण कोणाकडे परततो हे पाहिल्यास आपल्याला कळपातील जोड्या उमगतील; मात्र दोन नरही आयुष्यभराची जोडी जमवू शकतात, हे लक्षात असू द्यावे.

वजनाने हलक्या असलेल्या या जातीत एका नरामागे चार-पाच माद्या चालतात, म्हणून आपल्याकडे दोन नर निघाल्यास विणीच्या हंगामात त्यांची भांडणे वाढतील आणि तेव्हा एकाला जाळीपलीकडे ठेवणे इष्ट. अंडी साधारण तीस दिवस मादीच उबवते आणि नर घरट्याजवळ पहारा देतो. त्या काळात त्याच्याकडे पाठ करून पळू नये, मुलांना दूर ठेवावे आणि दाणापाणी घरट्यापासून थोड्या अंतरावर द्यावे.