वाचकांचे प्रश्न : ई-सिगारेटबद्दल तक्रार करावी की हरकत नोंदवावी?

प्रश्न : आमच्या शाळेत नववीच्या एका मुलाच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखी दिसणारी, आंब्याच्या वासाची ई-सिगारेट सापडली. अमेरिकेत अशा वस्तूंच्या नियमांवर सामान्य लोक आपली मते सरकारला लेखी कळवतात, असे वाचले. आपल्याकडे तशी सोय आहे का? आणि बेळगाव जिल्ह्यातून मराठीत पाठवलेल्या पत्राची दखल घेतली जाईल का?
— एक शिक्षिका, निपाणी

उत्तर : अमेरिकेत ई-सिगारेटवर सरसकट बंदी नाही, नियमन आहे. तेथील अन्न व औषध प्रशासनाने ती तंबाखूच्या नियमांखाली आणण्याचा मसुदा २०१४ मध्ये काढला, त्यावर १,३५,००० हून अधिक अभिप्राय आले आणि अंतिम नियम २०१६ मध्ये जाहीर झाला. आपल्याकडे कर्नाटक सरकारने २०१६ मध्येच विक्रीला मनाई केली होती, आणि २०१९ च्या केंद्रीय कायद्याने उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण व जाहिरात या सर्वांवर बंदी घातली. त्यामुळे आपल्यासमोर आज जे आहे ते मत कळवण्याचे नव्हे, तक्रारीचे काम आहे, आणि ती पोलीस ठाण्यात द्यावी. कारण उपनिरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला झडतीचा व जप्तीचा अधिकार याच कायद्याने दिला आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसत्या ओढण्यासाठी या कायद्यात वेगळी शिक्षा नाही, तेव्हा अर्जात मुलाचे नाव घालण्याचे कारण नाही. माल कोठे मिळतो, कोणत्या वेळी मिळतो आणि पैसे कसे दिले जातात, एवढे नेमके लिहावे.

हरकती व सूचना पाठवण्याची वेळ येते ती कायदा किंवा नियम बदलायचा असतो तेव्हा. प्रस्तावित कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, असे केंद्राचे २०१४ पासूनचे धोरण आहे. अर्थात ते धोरण आहे, सक्ती नव्हे, आणि ते दर वेळी पाळले जातेच असे नाही. तंबाखूविषयक २००३ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणाऱ्या मसुद्यावर आरोग्य मंत्रालयाने ३१ जानेवारी २०२१ पर्यंत अशाच सूचना मागवल्या होत्या. खरेदीचे किमान वय २१ करावे आणि सुटी सिगारेट विकू नये, हे त्यातील प्रस्ताव होते.

अशा वेळी ‘ई-सिगारेट घातक आहे, कारवाई कडक करा’ हे एकच वाक्य पाचशे सह्यांनिशी गेले तरी वाचणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती नवे काही लागत नाही. त्याऐवजी कलमाचा क्रमांक द्यावा, आपण काय पाहिले ते सांगावे आणि कोणता बदल हवा ते लिहावे. उदाहरणार्थ, माल कुरियरच्या पाकिटातून ‘मोबाइलचे सुटे भाग’ म्हणून येत असल्याचे आपल्या नजरेस आले असेल, तर पाकीट पोचवणाऱ्याची जबाबदारीही त्या कलमात असावी, असे सुचवता येईल. असे एक पत्र मला सह्यांच्या गठ्ठ्यापेक्षा मोलाचे वाटते.

भाषेचे म्हणाल, तर राज्यघटनेचे कलम ३५० गाऱ्हाणे मांडणाऱ्या प्रत्येकाला केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क देते. सीमाभागातल्या आपल्या लोकांना हे कलम तोंडपाठ असायला हवे. तरीही बंगळूरला पाठवायच्या पत्राला कन्नड आणि दिल्लीला पाठवायच्या पत्राला हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडावे. हक्क सोडायचा म्हणून नव्हे, तर मुदत संपण्याच्या आत पत्र वाचले जावे म्हणून.

प्रश्न : आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या विडीच्या तंबाखूचे पीक आहे. ई-सिगारेटविरुद्ध आम्ही लिहिले, तर ‘आपला धंदा वाचवतात’ असे म्हणतील. लिहावे का?
— एक शेतकरी, चिकोडी तालुका

उत्तर : अवश्य लिहा, पण आपण तंबाखू पिकवता हे पहिल्याच ओळीत सांगा. तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील आहे आणि धोरण ठरवताना तंबाखू उद्योगाच्या हितसंबंधांपासून सावध राहावे, असे त्याचे कलम ५.३ सांगते, लपवलेला संबंध पुढे उघड झाला तर पत्राचे सारे वजन जाते. ‘आमची विडी बरी’ हा युक्तिवाद मात्र करू नका, विडीही जीवघेणीच आहे. नियम बदलले तर आपल्या जमिनीत दुसरे कोणते पीक निघेल आणि त्याला बाजार कोठे आहे, हे आपल्याइतके दिल्लीत कोणाला ठाऊक नसते, म्हणून त्यावर भर द्या. पत्र पोच मिळेल अशा टपालाने पाठवा आणि ती पोच प्रतीला टाचून ठेवा.